हायवेवर गाडी थरथरते? पार्ट बदलण्याआधी थरथर ओळखा

शहरातल्या वेगाला गाडी बिनतक्रार चालते. हायवेला लागून काटा ९० च्या पुढे गेला की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं, किंवा सीटखालून बारीक गुणगुण यायला लागते. मग ठरलेला फेरा सुरू होतो. आधी बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग दोन नवे टायर. त्यानंतर कोणी सांगतं ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनचा जोर चाकांपर्यंत नेणारा दांडा) गेला, कोणी म्हणतं इंजिनची माउंटिंग बसली. पैसे जातात आणि थरथर तिथेच राहते.

असं होण्याचं मुख्य कारण म्हणजे मेकॅनिकपर्यंत पोचलेली तक्रार फार तोकडी असते. 'गाडी व्हायब्रेट होते' एवढ्यावर कोणीही अंदाजच बांधणार. उलट 'ताशी ९० ते १०५ मध्ये, फक्त ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, गाडीचं नाक आडवं हलतं; पाय काढला की लगेच थांबतं' असं कोणी सांगितलं, तर जाणता मेकॅनिक गाडी उचलण्याआधीच आतल्या सीव्ही जॉइंटकडे, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या सांध्याकडे, बोट दाखवेल. तक्रार इतकी नेमकी करायला हत्यारं लागत नाहीत. एक मोकळा रस्ता, शेजारी लिहून घेणारा माणूस आणि तपासायचा क्रम, एवढं पुरतं.

सगळ्या तपासामागचं तत्त्व असं: हायवेवरची थरथर जवळजवळ नेहमी फिरणाऱ्या कशातून तरी येते, आणि गाडीतल्या प्रत्येक फिरणाऱ्या भागाचा वेग कशाला तरी बांधलेला असतो. चाकं, हब (ज्यावर चाक बसवतात तो भाग), ड्राइव्ह शाफ्ट हे गाडीच्या वेगाला बांधलेले. इंजिन, क्लच, फ्लायव्हील हे आरपीएमला, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना. तिसरी गोष्ट फिरण्याची नाही, जोराची आहे. काही भाग फक्त इंजिनचा जोर त्यांच्यातून जात असतानाच कुरकुरतात. तेव्हा थरथर वेगाबरोबर येते, आरपीएमबरोबर येते की जोराबरोबर, हे आधी ठरवायचं. हे ठरेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही.

आधी, गाडी चालवण्यासारखी आहे ना?

काही थरथरींची चाचणी घ्यायची नसते, गाडी बाजूला घ्यायची असते. चाक नुकतंच काढून बसवलंय आणि थरथर अचानक सुरू झाली, तर पहिला संशय ढिल्या नटांवर. लगेच थांबा आणि पाना लावून बघा. कमी वेगालाही 'धब-धब' असा ठेका येतोय आणि तो वाढत चाललाय, तर टायरच्या आतले पट्टे सुटले असण्याची शक्यता आहे. असा टायर वेगात फुटू शकतो. टायरच्या बाजूला फुगवटा दिसला तर स्टेपनी लावा आणि फुगलेला टायर पुन्हा वापरू नका. स्टेअरिंग सैल वाटत असेल, किंवा गाडीखालून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असेल, तर हायवेवर जाऊच नका.

गाडी उभी असताना

चाचणीला निघण्याआधी अर्धा तास द्या. टायर थंड असताना हवा तपासा; आकडा दरवाजाच्या चौकटीवरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवरचा घ्या. टायरच्या बाजूवर जो छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीसाठीचा आकडा नव्हे.

मग प्रत्येक टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. आधी एका दिशेला, मग उलट्या. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागत असेल, किंवा मध्येमध्ये खोलगट चट्टे असतील, तर तो टायर कितीही बॅलन्स केला तरी आवाज आणि थोडी थरथर देत राहणार. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३५१९' म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असं नसतं. जुन्या टायरचं रबर कडक होतं, बारीक चिरा पडतात, आतून आकारही बदलतो.

रिमच्या आतल्या बाजूला टॉर्चचा झोत टाका. पावसाळी रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या रिममध्ये वाळलेल्या चिखलाचा गोळा सापडणं अगदी नेहमीचं आहे. रिमच्या कडेला शिशाचं वजन पडल्याची खूण दिसते का बघा. चिकटवलेलं वजन निघालं असेल तर तिथे स्वच्छ चौकोनी डाग उरतो.

तिथेच असताना आणखी एक गोष्ट बघा, कारण पुढे ती कामी येणार आहे. रिमच्या आतल्या कडेवर किंवा सस्पेन्शनच्या भागांवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेत का? असतील तर जवळचा सीव्ही बूट फाटलाय. बूट म्हणजे जॉइंटवरचं रबराचं घडीचं आवरण. तो फाटला की फिरणारा शाफ्ट ग्रीस बाहेर फेकतो आणि त्या जागी धूळ-पाणी आत जातं. चीर बहुधा दोन घड्यांच्या खाचेत असते आणि बूट आखडलेला असताना दिसत नाही, म्हणून स्टेअरिंग पूर्ण वळवून घड्या उघडा आणि मग बघा.

चाचणीची फेरी

खरं निदान इथेच होतं, त्यामुळे घाई करू नका. रस्ता सपाट, चांगल्या डांबराचा आणि कमी वर्दळीचा निवडा. वेगमर्यादा पाळूनच हे सगळं करता येतं. एकट्याने करू नका. वेग, आरपीएम आणि थरथर कुठे जाणवली हे शेजारच्याने लिहायचं, तुमचं लक्ष रस्त्यावर. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसती गाडी चालवा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टायर खालून चपटे झालेले असतात आणि तापल्यावर पुन्हा गोल होतात. सुरुवातीला असलेली थरथर वीस मिनिटांनी गेली तर प्रश्न तिथेच मिटला. उलट गाडी नीट निघाली आणि पंधरा-वीस किलोमीटरनंतर थरथर सुरू झाली, तर ब्रेक धरून राहतोय का ते बघायला हवं. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या, लावू नका. एकच चाक भट्टीसारखं गरम असेल, करपल्याचा वास असेल, तर कॅलिपर (डिस्कवर ब्रेक आवळणारा भाग) अडकलाय.

यानंतर वेग हळूहळू वाढवा, ६० पासून पाच-पाचने. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, कुठे सगळ्यात जास्त असते आणि कुठे कमी होते, हे तीन आकडे लिहून घ्या. कमी होते का, हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत; पण त्यातूनच पुष्कळ कळतं. सस्पेन्शनला टांगलेल्या चाकाची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा वर-खाली होण्याची. ताशी ८० ते ११० या वेगाला चाकाचे फेरेही नेमके त्याच आकड्यांत येतात. म्हणून बॅलन्स बिघडलेलं चाक या पट्ट्यात सगळ्यात जास्त नाचतं आणि पट्टा ओलांडला की अनेकदा शांत होतं. थरथर अशी एका पट्ट्यात येऊन जाणारी असेल तर चाकांवरचा संशय पक्का होतो. वेगाबरोबर वाढतच जाणारी असेल तर बाकीच्या चाचण्यांवर जास्त लक्ष द्या.

थरथर कुठे जाणवते? स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि जमिनीत असेल तर मागची चाकं किंवा मागे जाणारा शाफ्ट. हे 'बहुधा'च आहे. काही गाड्यांत पुढच्या चाकांची थरथर जमिनीतून येते, म्हणून केवळ यावरून निकाल देऊ नका.

आता गिअरची चाचणी. समजा थरथर ताशी ९५ ला, पाचव्या गिअरमध्ये आहे. वेग तोच ठेवून चौथा टाका. आरपीएम वाढेल, चाकांचे फेरे तेवढेच राहतील. थरथर जशीच्या तशी राहिली, तर इंजिन आणि क्लच यादीतून बाद. बदलली किंवा गेली, तर आधी ज्या आरपीएमला होती ते लिहून घ्या, गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच आरपीएमला न्या. उभ्या गाडीतही थरथर आली तर चाकांकडे बघायचं कारण उरत नाही.

पुढची चाचणी जोराची. थरथरीच्या वेगात ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबा, मग फक्त वेग टिकेल इतका ठेवा, मग पाय पूर्ण काढा. प्रत्येक वेळी काय होतं ते लिहा. मॅन्युअल गाडी असेल आणि रस्ता रिकामा असेल तर क्लच दाबून न्यूट्रल करा आणि काही सेकंद गाडी वेगातच वाहू द्या. चावी बंद करायची नाही, कधीही नाही. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टेअरिंगची मदत जाते. ऑटोमॅटिकमध्ये नुसता पाय काढणं पुरेसं आहे, वेगात लिव्हर हलवू नका.

पाय काढताच थांबणारी थरथर जोराची, म्हणजे जॉइंट, माउंटिंग, टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा भाग) यांची. न्यूट्रलमध्येही चालू राहणारी थरथर नुसत्या फिरण्याची, म्हणजे टायर, रिम, हब, डिस्क यांची. मागच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत एक सावधगिरी बाळगा: न्यूट्रलमध्येही प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब दांडा) चाकांबरोबर फिरतच असतो. त्यामुळे न्यूट्रलमध्ये थरथर राहिली म्हणून शाफ्टला सोडून देता येत नाही.

राहिल्या दोन छोट्या चाचण्या. ब्रेक हलके दाबल्यावरच स्टेअरिंग थरथरलं आणि पेडल पायाखाली धडधडलं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. तो ब्रेकचा विषय आहे, या लेखाचा नाही. आणि मोकळ्या लेनमध्ये हळूच डावी-उजवीकडे वळण घेतल्यावर घरघर कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंग. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं, म्हणून तेव्हा वाढणारा आवाज बहुधा डाव्या बाजूच्या बेअरिंगचा असतो.

थोडा हिशोब

ज्यांना आकड्यांची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी हा भाग सोन्याचा आहे. १९५/५५ आर १६ मापाचा टायर घ्या. १९५ मिलिमीटर रुंदीचे ५५ टक्के म्हणजे १०७ मिलिमीटर ही रिमपासून नक्षीपर्यंतची टायरची उंची. दोन्ही बाजूंची मिळून २१४ आणि १६ इंचांचे ४०६, म्हणजे व्यास साधारण ६२१ मिलिमीटर. परीघ १.९५ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. २७.८ ला १.९५ ने भागलं की सेकंदाला सुमारे १४ फेरे. म्हणजे बॅलन्स बिघडलेलं चाक या वेगाला १४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४ वेळा, थरथर देईल.

त्याच वेगाला बाकीचे भाग काय देतील? आतल्या सीव्ही जॉइंटमध्ये सहसा तीन रोलर असतात, म्हणून तो खराब असेल तर एका फेऱ्यात तीन हिसके, म्हणजे ४३ च्या आसपास. डिफरन्शियलचं (शाफ्टचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरचं) गुणोत्तर ४.१ असेल तर प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या ४.१ पट फिरतो, म्हणजे ५८. आणि त्याचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा फुलीच्या आकाराचा सांधा) किंवा कोन बिघडलेला असेल तर एका फेऱ्यात दोन हिसके, म्हणून ११६. इंजिन २,४०० आरपीएमला असेल तर सेकंदाला ४० फेरे. चार सिलिंडरमध्ये एका फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे ८०. तीन सिलिंडरमध्ये दीड, म्हणजे ६०. एकच सिलिंडर चुकत असेल तर दोन फेऱ्यांत एकदा झोल, म्हणजे २०.

हे आकडे शरीरालाही कळतात. १०-२० हर्ट्झची थरथर डोळ्यांना दिसते, स्टेअरिंगची कडा अस्पष्ट होते. ३०-५० ला पायाखाली मुंग्या आल्यासारखं वाटतं. त्याच्यावर गेलं की थरथरीपेक्षा कानात घुमणारा आवाज जास्त असतो.

नेमका आकडा हवा असेल तर फोन मोजून देतो. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन तंत्रविद्यापीठात तयार झालेलं ॲप फुकट आहे, आणि त्यात प्रवेगाचा वर्णपट, म्हणजे किती हर्ट्झला किती थरथर आहे याचा आलेख, काढायची सोय आहे. फोन हातात न धरता सीटच्या रुळावर किंवा मधल्या कन्सोलवर पट्टीने घट्ट बसवा, आणि तो शेजारच्याने हाताळायचा. फोनचा सेन्सर सेकंदाला जितक्या नोंदी घेतो त्याच्या निम्म्यापर्यंतचीच थरथर त्याला खरी दिसते. १०० नोंदी असतील तर ५० हर्ट्झच्या वरचं काहीही मानू नका. चाकांसाठी एवढं भरपूर आहे.

संशय चाकांवर असेल तर

नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी. एकतर दोष इथेच असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि तपासणं सगळ्यात सोपं.

आधी एक गैरसमज. अलाइनमेंट बिघडल्याने गाडी एका बाजूला ओढते, टायर झिजतात. पण थरथर येत नाही. वाकड्या झिजेमुळे पुढे थरथर येऊ शकते, तेव्हाही उपाय टायरवर करावा लागतो. 'व्हायब्रेशन आहे, अलाइनमेंट करून घ्या' हा सल्ला ऐकू नका.

बॅलन्सिंगमधला फरक किती मोठा असतो ते बघा. १६ इंची रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १०० ला तो चाकाला सुमारे सव्वातीन किलोच्या जोराने बाहेर खेचतो आणि ही ओढ सेकंदाला १४ वेळा दिशा बदलते. ताशी ५० ला हाच जोर एक चतुर्थांश, म्हणजे किलोभरही नाही. दोष शहरात लपून राहतो तो यामुळे.

कोणतं चाक आहे हे शोधायचा बिनखर्चाचा मार्ग: पुढची चाकं मागे, मागची पुढे. टायरवर दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला पुढे-मागे करा. तोच रस्ता, तोच वेग. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकाबरोबर गेला, म्हणजे रिम किंवा टायर. तिथेच राहिली तर हब, डिस्क किंवा शाफ्ट.

बॅलन्सिंग करून घेताना मशिनजवळ उभं राहा. चाक आधी धुतलेलं हवं, जुनी वजनं काढलेली हवीत. काम झाल्यावर मशिनवरचं चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा कसायला आणि पुन्हा मोजायला सांगा. आकडा पाच ग्रॅमच्या आत राहिला तर बॅलन्सिंग खरं. पंधरा-वीस ग्रॅम दाखवायला लागलं तर चाक मशिनवर मध्यभागी बसलेलंच नव्हतं आणि आधीचं सगळं वाया. ही मागणी करायला संकोच करू नका. चांगला कारागीर ती आनंदाने मान्य करतो.

चाक मशिनवर फिरत असताना रिमच्या कडेजवळ आणि टायरच्या नक्षीजवळ एक स्थिर टोक धरून बघा. टोक आणि चाक यांतली फट कमी-जास्त होत असेल तर चाक गोल नाही किंवा वाकडं आहे. साधारण एक मिलिमीटरच्या पुढे गेलं की दखल घ्यायची. नेमकी मर्यादा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. बॅलन्सिंग वजनाचा फरक भरून काढतं, आकाराचा नाही. रिम सरळ आणि टायरच उंच-सखल असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवल्याने बरेचदा सुधारतं. टायरचा कडकपणा जागोजागी वेगळा असेल तर साध्या मशिनला ते कळत नाही. त्यासाठी चाकावर रोलर दाबून मोजणारं, रोड फोर्सचं मशिन लागतं.

आणि हब. चाक काढलंच आहे तर ज्या चपट्या पृष्ठभागावर रिम टेकते तो नीट बघा. मधल्या उंचवट्याभोवती गंजाची कड वाढलेली असते. कधी एखादा पापुद्रा सुटून रिम आणि हबच्या मध्ये दाबला जातो: नखाएवढा, तपकिरी, रिमच्या बाजूने चकचकीत घासलेला. ०.३ मिलिमीटर जाडीचा असा पापुद्रा १४० मिलिमीटरच्या हबच्या एका कडेला असला, तर टायरच्या कडेपर्यंत जाताना तो चाकाला १.३ मिलिमीटर तिरकं करतो. बॅलन्सिंग मशिनला हे दिसणं शक्य नाही, कारण तिथे चाक तुमच्या हबवर नसतंच. तारेचा ब्रश मारून पृष्ठभाग धातूपर्यंत साफ करा, रिमची मागची बाजूही. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मधली रिंग जागेवर आहे का बघा. नट आधी हाताने, मग एक सोडून एक असे चांदणीच्या क्रमाने, आणि शेवटचा ताण गाडी जमिनीवर उतरवल्यावर टॉर्क पान्याने.

पाय काढला की थांबते: ड्राइव्ह शाफ्ट

पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीत जोर दिल्यावर येणारी आणि पाय काढताच जाणारी थरथर बहुतेक वेळा आतल्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या. त्यात तीन रोलर तीन खोबणींत पुढे-मागे सरकतात. खोबणीत घासून खड्डा पडला की जोर आल्यावर रोलर त्यात अडकून सुटतो. स्टेअरिंग फारसं हलत नाही. गाडीचं नाकच डावी-उजवीकडे थरथरल्यासारखं वाटतं. चढावर किंवा गाडी भरलेली असताना फरक पडतो, कारण शाफ्टचा कोन बदलतो. बाहेरचा, चाकाकडचा जॉइंट वेगळी भाषा बोलतो: स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना 'टक-टक-टक'.

तपासण्यासाठी गाडी जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा, उरलेल्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. शाफ्ट हाताने धरून आत-बाहेर ढकला. एवढी हालचाल असायलाच हवी, आतला जॉइंट त्यासाठीच बनवलेला आहे. वर-खाली खडखड होत असेल, किंवा पिळल्यावर ठळक मोकळेपणा लागत असेल, तर जॉइंट गेला. बूट नुकताच फाटलेला आणि जॉइंट शांत असेल तर जॉइंट धुऊन नवं ग्रीस आणि नवा बूट पुरतो.

जॉइंट बदलण्याआधी इंजिनची माउंटिंग बघून घ्या. एक बाजू बसली की इंजिन-गिअरबॉक्स झुकतात, शाफ्टचा कोन वाढतो आणि चांगला जॉइंटही तशीच थरथर देतो. शाफ्ट बदलूनही तक्रार तशीच राहिलेल्या गाड्यांत हे हमखास राहून गेलेलं असतं.

स्टँडवर चढवलेली गाडी गिअरमध्ये टाकून चाकं पळवायचा मोह टाळा. एक चाक अडलं तर डिफरन्शियल दुसऱ्याला दुप्पट फिरवतं. काटा ५० दाखवत असताना ते चाक १०० च्या वेगाने फिरत असतं. शिवाय चाकं लोंबकळत असल्याने जॉइंटचे कोन रस्त्यावरच्यासारखे नसतात, त्यामुळे नसलेली थरथरही दिसते.

मागे ओढ असलेल्या आणि चारचाकी ओढीच्या गाड्या

इथे लांब प्रोपेलर शाफ्ट मध्ये येतो. त्याची खूण म्हणजे सीटखालून येणारी घुमणारी गुणगुण, चाकाच्या थरथरीपेक्षा बरीच बारीक. निघताना एकच धक्का बसून हादरे येत असतील तर मधलं सेंटर बेअरिंग किंवा शाफ्टचे कोन. गाडी न्यूट्रलमध्ये, चाकांना पक्के ओट लावून, शाफ्ट हाताने पिळून आणि वर-खाली हलवून बघा. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर गंजाची भुकटी असेल तर आतलं ग्रीस संपलंय. शाफ्टच्या नळीवर वेल्ड केलेली वजनं असतात. एखादं पडलं असेल तर तिथे चमकता डाग दिसतो. गाडीखाली गंजरोधक थर मारताना तो शाफ्टवर उडाला असेल तरी बॅलन्स बिघडतो.

शाफ्ट काढावाच लागला तर आधी फ्लँज (शाफ्ट ज्याला बोल्टने जोडतात ती चकती) आणि शाफ्ट या दोन्हींवर पांढऱ्या रंगाची सलग खूण करा आणि परत लावताना ती जुळवा. दोन तुकड्यांचा शाफ्ट स्प्लाइनवर (एकात एक बसणाऱ्या दातांवर) एक दातही फिरवून बसवला तर क्रॉस एकमेकांच्या रेषेत राहत नाहीत आणि दुरुस्तीला नेलेली गाडी नवी थरथर घेऊन परत येते. सस्पेन्शन उंच करून घेतल्यावर थरथर सुरू झाली असेल तर पार्ट शोधत बसू नका, कोन मोजून घ्या.

ऑटोमॅटिक गाडी आणि इंजिन

ताशी ६० ते ९० मध्ये, हलका पाय ठेवलेला असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी सेकंद-दोन सेकंदांची थरथर येत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) घसरत असू शकतो. ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला दिवा लागेल इतकाच स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी गेली तर दिशा मिळाली, आणि पहिलं काम गिअरबॉक्सचं तेल बघण्याचं. सिलिंडर चुकत असला तरी अगदी असंच वाटतं, म्हणून स्कॅनर लावून कोड वाचून घ्या: पी०३०० म्हणजे मिसफायर आहे पण तो एका ठरावीक सिलिंडरचा नाही, पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा.

गॅरेजमध्ये काय सांगायचं, आणि नंतर

तुमच्या नोंदी एका कागदावर उतरवा: थरथर सुरू होण्याचा, सर्वांत जास्त असण्याचा आणि कमी होण्याचा वेग, गिअर बदलल्यावर काय झालं, जोर देताना, पाय काढल्यावर, ब्रेक लावल्यावर काय झालं, स्टेअरिंग, सीट की जमीन, अलीकडे कोणतं काम झालं. शेवटचं विसरू नका. टायर, ब्रेक किंवा शाफ्टच्या कामानंतर लगेच सुरू झालेली थरथर त्या कामातूनच आलेली असते, असं धरून चालणं बहुतेक वेळा बरोबर ठरतं. मेकॅनिकला गाडी नुसती दाखवू नका, शेजारी बसवून थरथर त्याच वेगाला अनुभवायला द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा फेरी मारा. चाकं आणि शाफ्टचं काम एकाच दिवशी केलं तर बरं कशाने वाटलं हे कळणार नाही, आणि थरथर परत आली की तपास पुन्हा पहिल्यापासून. थरथर कमी झाली पण गेली नाही, तर बहुधा दोन दोष होते आणि एक निघाला. तेव्हा मापं पुन्हा घ्या, कारण उरलेल्याचा वेग आणि जागा वेगळी असू शकते. आणि चाकं काढून बसवलेली असतील तर ५० ते १०० किलोमीटरनंतर नटांना टॉर्क पाना पुन्हा एकदा लावून बघा.